सर हम्फ्रींच्या सहवासात

'येस मिनिस्टर' या ब्रिटिश मालिकेत एक प्रसंग आहे. खात्याचे सचिव सर हम्फ्री अ‍ॅपलबी मंत्र्यांसमोर आहेत आणि 'ती चूक माझ्या हातून झाली' एवढंच त्यांना सांगायचं आहे. तीस वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या कारभाराच्या खात्यात एका तरुण अधिकाऱ्याने जमिनीचा एक करार केला होता. त्यातली अट अशी, की मुदत संपली की सरकारने त्या जागेवर बांधलेलं सगळं मूळ मालकाला फुकट मिळणार. नुकसान कोट्यवधी पौंडांचं. तो अधिकारी कोण, हे मंत्र्यांना हवं आहे. सर हम्फ्री बोलू लागतात. वाक्य लांबत जातं, त्याला फाटे फुटतात, प्रत्येक फाट्यावर एक भारदस्त शब्द येऊन बसतो आणि 'मी' म्हणायची वेळ पुढे पुढे ढकलली जाते. मंत्र्यांना काही उमगत नाही. ते पुन्हा विचारतात. मग पळवाटा संपतात, आणि तो एवढासा शब्द उच्चारताना सर हम्फ्री झालेल्या नायजेल हॉथॉर्न यांचा चेहरा गृहपाठ हरवलेल्या शाळकरी मुलासारखा होतो.

हा भाग मी नोकरीत असताना पाहिला होता आणि पोट धरून हसलो होतो. निवृत्तीनंतर परवा परवा पुन्हा पाहिला तेव्हाही हसलो, पण या वेळी माझं लक्ष मंत्र्यावर होतं. या मंत्र्याला, जिम हॅकरला, हवं तर तो त्या क्षणी सर हम्फ्रींची कारकीर्द संपवू शकला असता. वर्षानुवर्षं ज्या माणसाने आपली प्रत्येक योजना गोड बोलून गुंडाळून ठेवली, तो आता हातात आला आहे. हॅकर मनसोक्त आनंद घेतो. हॅकर झालेल्या पॉल एडिंग्टन यांच्या डोळ्यांत दिवाळी दिसते. आणि मग तो सर हम्फ्रींना वाचवतो. बदल्यात मागतो काय, तर एका काटकसरी कौंटी कौन्सिलमागे खात्याने लावलेला ससेमिरा थांबवा. त्या कौन्सिलचा गुन्हा एवढाच, की काम उत्तम करते, पण खात्याचे फॉर्म भरून पाठवत नाही.

मी मंत्रालयात कक्ष अधिकारी होतो. काही काळ मंत्री आस्थापनेवरही काम केलं. त्यामुळे ही मालिका मला पहिल्यापासून परकी वाटलीच नाही. नरिमन पॉइंटला, मंत्रालयातून चालत जाण्याच्या अंतरावर, ब्रिटिश कौन्सिलची लायब्ररी होती. जेवणाच्या सुटीत तिथे जाऊन वर्तमानपत्रं चाळायची हा आमच्यातल्या काही जणांचा परिपाठ. हॅकरच्या रोजनिशीच्या रूपात लिहिलेलं या मालिकेचं पुस्तक मी तिथेच प्रथम वाचलं. पुढे एका सहकाऱ्याच्या लंडनच्या भावाने व्हिडिओ कॅसेट पाठवल्या. दर शनिवारी त्याच्या घरी आम्ही चार-पाच जण बसायचो आणि पडद्यावरच्या प्रत्येक माणसाला आमच्या मजल्यावरचं नाव द्यायचो. सर हम्फ्री म्हणजे अमुक साहेब, मंत्र्यांचा खासगी सचिव बर्नार्ड म्हणजे तमका. तेव्हा सगळी गंमत त्या ओळखण्यात होती. मग बदल्या झाल्या, पदोन्नत्या झाल्या, कॅसेटची फीत चिकटली आणि मालिका विस्मरणात गेली.

अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी लिहिलेल्या या मालिकेचा पहिला भाग बीबीसी टूवर 25 फेब्रुवारी 1980 रोजी दाखवला गेला. खरं तर तो त्याच्या आदल्या वर्षीच तयार होता. पण 1979 मध्ये ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक होती आणि मतदारांवर परिणाम व्हायला नको म्हणून बीबीसीने तो थांबवून ठेवला. या मालिकेत हॅकरचा पक्ष कोणता हे शेवटपर्यंत कळत नाही. तो प्रशासकीय कामकाज खात्याचा मंत्री आहे, आणि असं खातं खुद्द ब्रिटनमध्येही नव्हतं. पुढे तो पंतप्रधान होतो आणि 'येस, प्राइम मिनिस्टर' नावाने मालिका 1988 पर्यंत चालते. दोन्ही मिळून भाग अवघे 38. पाणी घालून वाढवत नेणं लेखकांना सहज जमलं असतं. त्यांनी ते केलं नाही, याचं मला फार कौतुक आहे.

या दोघा लेखकांना सरकारच्या पोटातली माहिती पुरवणारी माणसं खरोखरीची आतली होती. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या कार्यालयात काम केलेल्या मार्शा फॉकेंडर आणि बर्नार्ड डोनह्यू यांची मदत त्यांनी घेतली. म्हणूनच तपशील इतके चोख आहेत. टिपणीवर कोणता शेरा मारला की प्रकरण पुढे सरकतं आणि कोणता मारला की वर्षभर निजतं, समिती कधी नेमायची, मंत्र्यांच्या बॅगेत नको असलेला कागद सर्वांत खाली कसा घालायचा, हे बाहेर राहून सुचत नाही.

यंदा पावसाळ्यात मुलाने सगळ्या भागांच्या डीव्हीडींचा संच आणून दिला. माझ्या पत्नीने ही मालिका कधी पाहिली नव्हती. तिची सगळी नोकरी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून झाली. आमच्या शनिवारच्या बैठका व्हायच्या तेव्हा तिची बहुधा सेकंड ड्युटी असायची. "मला तुमचं ते ऑफिसचं इंग्रजी कळायचं नाही," असं म्हणून ती सुरुवातीला भाजी निवडत बाजूला बसली. पण पडद्यावर इंग्रजी अक्षरं येत होती आणि माणसं तर बोलण्याच्या आधीच चेहऱ्याने सगळं सांगत होती. दुसऱ्या भागापासून भाजी स्वयंपाकघरात राहिली.

मग 'द कम्पॅशनेट सोसायटी' हा भाग आला. सेंट एडवर्ड्स नावाचं नवंकोरं रुग्णालय. पाचशेच्या वर कर्मचारी. कारकून आहेत, हिशेबनीस आहेत, सफाई कामगार आहेत. नाहीत ते डॉक्टर, नर्स आणि रुग्ण. हॅकर तिथे भेट द्यायला जातो तेव्हा प्रशासनाच्या प्रमुख असलेल्या मिसेस रॉजर्स त्याला मोकळे वॉर्ड, झगमगतं ऑपरेशन थिएटर अभिमानाने दाखवत फिरतात. देशातल्या अत्यंत स्वच्छ रुग्णालयांत त्याची गणना होते. रुग्ण नाहीत म्हणून काम नाही असं कसं म्हणता, इमारत तर चालवावीच लागते ना, हा त्यांचा सवाल.

मला वाटलं, पत्नी चिडेल. एका खाटेवर दोन बाळंतिणी आणि खाटेखाली तिसरी, अशा वॉर्डात तिने रात्री काढल्या होत्या. ती हसली, खूप हसली, आणि मग म्हणाली, "अहो, ते बाईंचं परत लावा." मी लावलं. तिने तो प्रसंग सबंध पुन्हा पाहिला आणि म्हणाली, "या बाईंना मी ओळखते. यांच्या मनात वाईट काही नाही. सकाळी राउंड घ्यायच्या आधी आमच्या मेट्रनबाई चादरी ताणून घ्यायच्या ना, तेव्हा त्यांनाही क्षणभर वाटायचं, आता या खाटांवर कुणी निजूच नये. पण मेट्रनबाई रुग्णांच्याही होत्या. या बाईंना रुग्ण दिलेच नाहीत कुणी."

इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. मिसेस रॉजर्सना मी नेहमी निव्वळ मूर्ख समजत आलो होतो. पत्नीचं ते बोलणं ऐकल्यापासून मी ही मालिका वेगळ्या नजरेने पाहतो आहे. या 38 भागांत खलनायक जवळजवळ नाहीच. आपापल्या खुर्चीतून जेवढं दिसतं तेवढं खरं मानून काम करणारी माणसं आहेत. सर हम्फ्रींना मनापासून वाटतं, की मंत्री येतात आणि जातात, देश मात्र कुणीतरी सांभाळायला हवा. हॅकरला मनापासून वाटतं, की लोकांनी मला काहीतरी करण्यासाठी निवडून दिलं आहे. दोघांचंही म्हणणं खरं आहे, आणि खऱ्याखुऱ्या दोन बाजू एका खोलीत आल्या की विनोदाला बाहेरून काही आणावं लागत नाही.

हॅकर तर किती लोभस! लोकांसाठी काही भव्य करण्याची कल्पना डोक्यात शिरली की तो ताठ होतो, हात कोटावर जातो आणि आवाज थेट चर्चिलचा होतो. दुसऱ्याच मिनिटाला 'या निर्णयात मोठं धैर्य आहे' असं सर हम्फ्री हळूच म्हणतात आणि निवडणूक जाणार हे लक्षात येऊन त्याचा चेहरा उतरतो. एडिंग्टन यांनी त्या उतरण्याच्या कितीतरी तऱ्हा केल्या आहेत. अभिनयाचं पारितोषिक म्हणजे बाफ्टा मात्र हॉथॉर्न यांना चार वेळा मिळालं, एडिंग्टन यांना या भूमिकेसाठी एकदाही नाही. मला हे पटत नाही. लांबलचक वाक्य एका दमात म्हणण्याची करामत डोळ्यांत भरते हे कबूल. पण ते वाक्य ऐकून घेणारा माणूस समोर नसता, तर कुणी हसलं असतं का? या मालिकेतला अर्धा हशा एडिंग्टन यांच्या गप्प बसण्याला आहे.

आणि बर्नार्ड. मंत्र्यांचा खासगी सचिव. निष्ठा मंत्र्यांशी, पण गोपनीय अहवाल सर हम्फ्रींच्या हातात. मी त्या खुर्चीच्या अगदी जवळ बसलेला माणूस आहे. संध्याकाळी मंत्री विचारणार, "सचिव काय म्हणाले?" आणि सकाळी सचिव विचारणार, "मंत्र्यांच्या मनात काय आहे?" दोघांनाही खोटं सांगायचं नाही आणि दोघांनाही सगळं सांगायचं नाही. बर्नार्ड झालेले डेरेक फाउल्ड्स हे किती हळुवारपणे करतात! अडचणीत सापडला की बर्नार्ड व्याकरणात शिरतो, कुणी दोन उपमांची सरमिसळ केली की नम्रपणे दुरुस्त करतो. पेचातल्या माणसाला असा एक कोपरा लागतोच. आमच्याकडे एक स्वीय सहायक होते. वातावरण तापलं की ते शांतपणे जावक नोंदवहीचे रकाने आखायला घेत. त्यांच्याबद्दल मला तेव्हाही आदर होता.

या हसण्याखाली दुखरी जागाही आहे, आणि लेखक ती लपवत नाहीत. 'द व्हिस्की प्रीस्ट' या भागात ब्रिटिश बनावटीची शस्त्रं दहशतवाद्यांच्या हाती पडत असल्याचं हॅकरला कळतं. तो हादरतो, धावपळ करतो, आणि हे प्रकरण उघड झालं तर कुणाकुणाची अडचण होईल हे दिसू लागताच हळूहळू मागे सरतो. शेवटी रात्री घरी पीत बसतो. काय बरोबर हे त्याला माहीत आहे, ते आपण केलं नाही हेही माहीत आहे, आणि पत्नी अ‍ॅनी त्याला तसं सांगते. आमच्या घरात तो भाग संपल्यावर कुणी काही बोललं नाही. विनोदी मालिकेने एवढं धाडस करावं आणि पुढच्या आठवड्यात त्याच माणसावर पुन्हा प्रेम करायला लावावं, हे फार थोड्यांना साधलं आहे.

तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची ही आवडती मालिका होती. जानेवारी 1984 मध्ये एका पुरस्कार समारंभात त्यांनी एडिंग्टन आणि हॉथॉर्न यांना सोबत घेऊन एक छोटी नाटुकलीसुद्धा सादर केली. त्या दोघा नटांना ते फारसं रुचलं नव्हतं म्हणतात. आपल्याकडे 2001 मध्ये हिंदीत 'जी मंत्रीजी' आलं. फारूख शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सचिव. दोघेही गुणी. फारूख शेख यांचा भाबडेपणा मला विशेष आवडला होता. पण मूळ संहितेतले प्रसंग दिल्लीच्या हवेत नीट रुजले नाहीत असं माझं मत आहे. आपल्या मंत्र्यांच्या दालनाबाहेर निवेदनं घेऊन उभी असलेली माणसं असतात, त्यांच्याशिवाय आपला मंत्री पुरा होत नाही. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत, व्हाइटहॉलमध्ये, ती गर्दी नाही. तिथे तीन माणसं आणि एक टेबल पुरतं.

मूळ मालिकेतले तिन्ही नट आता नाहीत. एडिंग्टन 1995 मध्ये गेले, हॉथॉर्न 2001 मध्ये, फाउल्ड्स 2020 मध्ये.

सध्या आम्ही पंतप्रधान हॅकरच्या काळात आहोत. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त अवर सचिव राहतात, तेही आता संध्याकाळी चहाला येतात आणि चहा संपला तरी जात नाहीत. परवा 'द की' हा भाग लावला. पंतप्रधानांच्या घराची किल्ली सर हम्फ्रींकडून काढून घेतली जाते आणि हा एवढा मोठा माणूस आत यायला मिळावं म्हणून खिडकीबाहेरच्या कठड्यावरून जीव मुठीत धरून सरपटत येतो. अवर सचिव साहेब डोळे पुसत हसत होते. माझी पत्नी मात्र पुढे सरकून पडद्याला सांगत होती, "अरे, घ्या ना त्यांना आत! पडतील ते!"