पाट्यांच्या गावाला जाऊन आले!

लाँग वीकएंड, बाहेर धो धो पाऊस आणि गोव्याच्या प्लॅनमधून एकेक करून सगळे गळालेले. जाम वैतागून मी कॉम्प्युटर ऑन केला आणि एका बिननावाच्या शहरात फिरून आले. ना तिकीट, ना बॅग!

हे शहर आहे 'द पेडेस्ट्रियन' या गेममधलं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबसला 'स्कूकम आर्ट्स' नावाची छोटीशी टीम आहे. त्यांनी २०२० च्या जानेवारीत हा गेम आणला. यातला हीरो कोण? टॉयलेटच्या दारावर असतो ना, तोच काडीमाणूस! मी अर्थातच फ्रॉकवाली निवडली. ही बया राहते पाट्यांमध्ये. प्रत्येक पाटी म्हणजे एक खोली. आत दारं, शिड्या, किल्ल्या. पाट्यांच्या मागे मात्र खरंखुरं वाटणारं शहर. विटांच्या भिंती, भुयारी रेल्वे, अर्धवट बांधकामं, गच्च्या. कुणी एक शब्द बोलत नाही. नुसतं संगीत आणि आपण.

गंमत अशी, की एका पाटीतून दुसरीत जायला रस्ताच नसतो. तो आपण करायचा. थोडं लांब जाऊन सगळ्या पाट्या बघायच्या, हव्या तशा सरकवायच्या आणि दाराला दार, शिडीला शिडी जोडून द्यायची. सॉलिड मजा येते.

पण पुढे खरी मेख आहे. ज्या रस्त्याने एकदा गेलात, तो तोडलात की कोडं पहिल्यापासून सुरू!

इथे मी जरा थबकले. तीन वर्षांपूर्वी मी पक्की नोकरी सोडली. महिनाअखेर आली की वाटतं, जुनं दार परत जोडता आलं तर? येईलही, पण मधल्या तीन वर्षांचं काय?

गेममध्ये पुढे रंग मिळतो. तो लावलेली पाटी पहिल्यापासून सुरू केलं तरी आहे तशीच राहते. रात्री दोन वाजता मी मनातल्या मनात माझ्या पाट्या रंगवत बसले होते. पहिली बायलाइन रंगवली. उशिरा आलेले चेक सोडून दिले. सकाळी नऊची लोकल तर मुळीच नाही!

एका वीकएंडमध्ये हे गाव आरामात पाहून होतं. सोमवारी ऑफिसला जाताना वाटेतल्या पाट्या नीट बघा. एखादी सरकवावीशी वाटली, तर समजा तुम्हीही तिथे जाऊन आलात.