टायगरच्या थाळीतला बटाटा

आमच्या घरी कुत्र्यासाठी वेगळे अन्न शिजविण्याची रीत कधीच नव्हती. माणसांची जेवणे आटोपली की पातेल्याच्या तळाशी उरेल ते, थोडा भात कालवून, मागील दारच्या जर्मनच्या थाळीत पडे. आमचे टायगर महाराज जातीने गावठी, वजनाने पंधरा किलो. थाळीतला बटाटा ते आधी शोधून काढीत. भात मग सवडीने. आईचा त्यांच्यावर विशेष लोभ. रश्श्यातली बटाट्याची एखादी फोड ती स्वतःच्या ताटातून काढी, तिखट लागू नये म्हणून पाण्यात खंगाळी आणि हाताने भरवी.

तीन वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याच्या बाप्तिस्म्याचे जेवण झाले. मटणाचा रस्सा अंदाजापेक्षा बराच उरला. मटण आम्ही संपविले. बटाटे आणि दाट रस्सा चार दिवस टायगरच्या वाट्याला आला. सहाव्या दिवशी तो जागचा उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक पडलेल्या, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. बटाटा कुत्र्याला बाधतो असे आम्ही कुठेसे अर्धवट वाचले होते. तेवढ्या भांडवलावर आम्ही बोलून गेलो, “आई, तूच त्याला बटाटे घालून घालून मारलेस!” आई काही बोलली नाही. रिक्षात त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली, एवढेच.

पशुवैद्यांनी विचारले, “काय खाऊ घातले?”

“बटाटे, डॉक्टर. रश्श्यातले,” आई खाली मान घालून म्हणाली.

“शिजलेले ना? मग रश्श्यात काय काय होते ते सांगा.”

आईने वाटण सांगितले. भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण. शिवाय फोडणीला पुन्हा कांदा. डॉक्टरांनी लिहिणे थांबविले. “आजी, बटाट्याने काही केलेले नाही. हे कांद्याचे काम.”

रक्त तपासले तेव्हा तेच निघाले. कांदा आणि लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना इजा करतात. पेशी फुटतात आणि काही दिवसांनी जनावर निस्तेज होते. भाजून, तळून वा उकळून हा दोष जात नाही. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा बाधण्यास पुरतो, असे डॉक्टर म्हणाले. टायगरच्या हिशेबाने सव्वादोनशे ग्रॅम, म्हणजे दोन-तीन कांदे. चार दिवसांच्या दाट रश्श्यात तेवढे सहज गेले असणार. आणि तो रस्सा, फुकट कशाला घालवायचा म्हणून, थाळीत ओतणारे आम्हीच होतो.

बटाटा अगदीच निर्दोष आहे, असेही नव्हे. पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलेले हे कंद वांगी, टोमॅटो, मिरची यांच्या कुळातले. उजेडात राहून हिरव्या पडलेल्या किंवा कोंब फुटलेल्या बटाट्यात सोलानिन नावाचे विषारी द्रव्य वाढते, विशेषतः सालीत आणि कोंबांत. हिरवा रंग त्याची केवळ खूण; तो रंग स्वतः निरुपद्रवी. उकडल्याने हे द्रव्य फारसे कमी होत नाही, म्हणून असा बटाटा टाकून द्यावा, माणसांनीही. कच्चा बटाटा तर कुत्र्याला पचतही नाही. चांगला बटाटा सोलून, बिनमिठाचा उकडून, थोडासा द्यावा. तळलेला नको, आणि मधुमेह जडलेल्या कुत्र्याला डॉक्टरांना विचारल्यावाचून मुळीच नको. पिष्ट पचविण्याची कला कुत्र्याने माणसाच्या सहवासात कमावली आहे. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’मध्ये दाखविले की, पिष्ट पचविणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. आमच्या उष्ट्या भातावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या जातीचा हा दाखला वाचून आम्हांला गंमत वाटली, आणि थोडी लाजही.

कांद्याच्या विषावर उतारा नाही. सलाईन, विश्रांती आणि नवे रक्त तयार होण्याची वाट पाहणे. तीन आठवड्यांनी टायगर अंगणात भुंकू लागला. पण आईने त्याला भरविणे सोडले ते सोडलेच. ताटातला बटाटा ती मुकाट्याने स्वतः खाई. तो शेपटी हलवीत समोर बसे, ती दुसरीकडे पाही. आमची क्षमा मागून झाली होती. “जाऊ दे रे,” असे म्हणून तिने विषय मिटविला होता. म्हणजे मिटला नव्हता.

एका रविवारी मिस्साहून आल्यावर आम्ही एक बटाटा उकडला, साल काढली, कुस्करला आणि वाटी आईच्या हाती दिली. गार झाला का, ते तिने बोटाने चाचपून पाहिले.

“तूच घाल,” ती म्हणाली.

आम्ही घातला. टायगरने वाटीचा वास घेतला आणि तो आईच्या पायाशी जाऊन बसला.