सुट्टीच्या दिवशी खोकला कमी असतो का?

७ जून २०२४, शुक्रवार

भुकूम सोडून पिरंगुटचा घाट उतरताना लक्षात आलं, आज ७ जून. उरवड्याला तीन वर्षं झाली. २०२१ च्या त्या सोमवारी दुपारी रसायनाच्या कारखान्यात आग लागली आणि १७ कामगार गेले. त्यांतल्या १५ बायका. पाणी शुद्ध करायच्या क्लोरिन डायऑक्साइडचं काम चालायचं तिथे. ससूनमध्ये कोण कुणाची हे ठरवायला डीएनए करावा लागला होता. घोटवडे फाट्याकडे जाताना आजही त्या बाजूला मान वळते.

साडेसातला कारखान्यात आरोग्य तपासणीचा कॅम्प सुरू. गाडी आवारात लावली. वजन, रक्तदाब, डोळे, छातीचा एक्स-रे, फुंकायचं मशीन. अकरापर्यंत ६४ माणसं हातावेगळी केली. माणशी तीन मिनिटं. ‘हातावेगळी’ हाच शब्द मनात आला आणि तो मला आवडला नाही.

फोमच्या साच्यांवर काम करणारी एक ताई, वय ३८. नळीत फुंकताना दोनदा खोकल्या. आकडा मात्र बरा आला. फाइल पुढे सरकवता सरकवता मी सवयीनं विचारलं, “सुट्टीच्या दिवशी खोकला कमी असतो का हो?”

“काल सुट्टीच होती ना मॅडम. काल बरं होतं. उद्या बघा, रात्री उठून बसावं लागंल.”

आमच्या भागातल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. म्हणजे मी माणसं तपासते ती आठवड्यातल्या त्यांच्या सगळ्यात चांगल्या सकाळी. गेली दोन वर्षं या कारखान्यात कॅम्प शुक्रवारीच होतोय, कारण शुक्रवारी सकाळी लाइन सावकाश सुरू होते आणि माणसं सोडणं परवडतं. तारीख मीच मान्य केलेली आहे.

८ जून, शनिवार

संध्याकाळी पहिला दणकट पाऊस. दवाखान्यात पेशंट नव्हते, म्हणून शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत तीन महिने शिकताना काढलेली टिपणं वर काढली.

कुठली तपासणी कधी करायची, हे तिथे पहिल्या आठवड्यात घोकून घेतलं होतं. टोल्युइनसाठी लघवी घ्यायची ती पाळी संपताना. रात्रभर झोप झाली की त्यातलं बरंचसं निघून गेलेलं असतं. क्रोमियमसाठी पाळी संपताना आणि तीही आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, कारण ते दिवसागणिक साठत जातं. शिशाला घाई नाही. रक्तात ते महिनाभर तरी रेंगाळतं आणि हाडांत गेलं की वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. कानांचं याच्या बरोबर उलट. श्रवणाची चाचणी गोंगाटापासून चौदा-सोळा तास लांब राहिलेल्या माणसाची करायची, नाहीतर दिवसभराच्या आवाजानं तात्पुरते बधिरलेले कान कायमचे बिघडल्यासारखे दिसतात. मग हे सगळं एकाच सकाळी एका गाडीत कसं उरकायचं? नाही उरकता येत. आपण उरकतो.

त्या ताईंच्या फाइलमध्ये मागच्या वर्षीचा कागदच नाही. चार वर्षं त्याच साच्यावर आहेत, पण कंत्राटदार तीनदा बदलला. कंत्राटदार बदलला की हजेरी नंबर नवा, आणि रजिस्टरच्या लेखी माणूसही नवा. चार वर्षांपूर्वी त्यांची फुंकर किती होती, हे कुठेच लिहिलेलं नाही. एका आकड्यावरून मी काय सांगणार? उंचपुऱ्या माणसाची फुंकर शंभरानं घटली तरी तक्त्यात तो ‘नॉर्मल’च दिसतो. त्याची तुलना त्याच्या स्वतःच्या जुन्या आकड्याशी करायला हवी, आणि तो आकडा जपून ठेवायला हवा.

१२ जून, बुधवार

कारखान्यात बैठक. एचआरचे साहेब, सेफ्टी ऑफिसर आणि मी. माणसं वाईट नाहीत. सेफ्टी ऑफिसर तर मनापासून ऐकत होते. पण प्रत्येक बोलणं फिरून “मॅडम, ऑडिटला सर्टिफिकेट लागतं” इथे येत होतं.

फोमच्या शेडमध्ये जाऊन आले. साचा उघडा, त्यात दोन द्रव एकत्र पडतात. एकाला पॉलिऑल म्हणतात, दुसऱ्याला सगळे नुसतं ‘आयसो’. म्हणजे आयसोसायनेट. फेस फुगतो, वाफ वर येते, आणि ताई ओणव्या होऊन कडा पुसतात. तोंडाला कापडी मास्क. कापड धूळ तरी अडवेल, वाफेला ते काहीच करत नाही. आयसोच्या ड्रमचं बूच उघडं होतं, वर एक फडकं टाकलेलं.

“वास येतो का?” मी विचारलं.

“कधीमधी. जोराचा आला की आम्ही बाहेर जाऊन उभं राहतो.”

टीडीआय नावाच्या आयसोसायनेटची कायद्यानं घातलेली हवेतली सरासरी मर्यादा आहे ०.००५ पीपीएम. हवेच्या एक अब्ज भागांत पाच भाग. माणसाच्या नाकाला त्याचा वास येतो तो याच्या कितीतरी पट वर गेल्यावर. म्हणजे वास आला की बाहेर जायचं, हा त्यांनी आपल्या परीनं शोधलेला नियम फार उशिराचा आहे. आणि हे त्यांना आजवर कुणीही सांगितलेलं नाही, मीसुद्धा.

माझ्या मागण्या दोन होत्या: फोमवरच्या माणसांची फुंकर पाळी संपताना बघायची, आणि ताईंना घरी न्यायला एक पीक फ्लो मीटर द्यायचा. पहिली “बघू” वर गेली. दुसरीसाठी मीटर मी लक्ष्मी रोडवरून आणला.

१३ जून, गुरुवार

ताई दवाखान्यात आल्या, मुलीला घेऊन. मुलगी नववीत. मीटर म्हणजे प्लास्टिकची एक नळी, त्यावर सरकणारा लाल काटा. उभं राहून छातीभर श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटून एका दमात फुंकायचं, असं तीनदा. त्यांतला मोठा आकडा लिहायचा. दिवसातून चार वेळा, सुट्टीच्या दिवशीही. मुलीनं वहीच्या पानावर पट्टीनं रकाने आखले: उठल्यावर, जेवणाच्या सुट्टीत, घरी आल्यावर, झोपताना. शेवटी एक रकाना तिनं स्वतःहून वाढवला, ‘आज काय काम’.

दीड वर्षं खोकला आहे. गावातल्या डॉक्टरांनी औषधाच्या बाटल्या दिल्या, थुंकी दोनदा तपासली, टीबी नाही म्हणाले. खोकला रात्री येतो म्हणून कामाशी कुणी जोडला नाही. पण आयसोचा दमा पुष्कळदा असाच वागतो. दिवसा शेडमध्ये माणूस ठीक, आणि पाच-सहा तासांनी, घरी, अंथरुणावर छाती आवळते. १७०० साली इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनीनं कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना सांगितलं, रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर आणखी एक विचारा, काम काय करता? सव्वातीनशे वर्षं झाली. माझ्या दवाखान्याच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ हा रकाना आहे. त्यात मी बायकांसाठी किती वेळा नुसतं ‘नोकरी’ लिहिलंय, ते आज मोजायचं धाडस झालं नाही.

१८ जून, मंगळवार

दुसरा कारखाना, क्रोम प्लेटिंगचा, एकवीस माणसं. इथे मशीन लागत नाही, टॉर्च लागते. नाकात उजेड टाकायचा. क्रोमिक ॲसिडचं धुकं श्वासाबरोबर आत जातं आणि दोन नाकपुड्यांमधला पडदा हळूहळू खातं. दुखत नाही, म्हणून कुणी सांगत नाही. एका तरुणाच्या डाव्या नाकपुडीत टॉर्च धरली आणि उजव्या बाजूनं उजेड दिसला. आरपार, डाळीच्या दाण्याएवढं भोक. त्याला म्हटलं, कधीपासून? “काय कधीपासून?” त्यानं विचारलं. शिट्टीसारखा आवाज येतो का श्वास घेताना? “हो, मित्र चेष्टा करतात.” बोटांच्या सांध्यांवर दोन गोल, खोल, कोरडे व्रण. ते त्याला माहीत होते, त्यांवर तो बोरोलीन लावत होता.

त्याला आरशात दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला.

टाकीवरच्या पंख्याचा पट्टा तुटलेला होता. मालकाला तिथेच उभं करून दाखवला, म्हणाले आजच बदलतो. रात्री फोन करून विचारलं, बदलला होता. अशा दिवशी बरं वाटतं.

३० जून, रविवार

पालख्या पुण्यात. वारीला जाणाऱ्यांमुळे पुढचे काही दिवस हजेरी कमी राहील, असं सगळे कारखानदार म्हणतात. त्यामागोमाग भाताची आवणी.

८ जुलै, सोमवार

ताई आवणीला गेल्या. नऊ दिवसांची रजा, बिनपगारी. इंद्रायणीची रोपं तयार आहेत. मी नको म्हणाले नाही, उलट मीटर सोबत न्या म्हटलं. गुडघाभर चिखलात, पावसात, कंबरेत वाकून दिवसभर काम, आणि तरी ते मला हवं होतं. कामापासून इतके दिवस लांब ठेवून बघायची संधी कुठल्याही इस्पितळानं त्यांना दिली नसती.

१८ जुलै, गुरुवार

काल आषाढी झाली. आज ताई वही घेऊन आल्या. पानाच्या कोपऱ्यावर चिखलाचा अंगठा उमटलेला.

आलेख काढायचीही गरज नव्हती. जूनमधला कामाचा आठवडा: शुक्रवारी सकाळी ३१०, रात्री २६०. पुढे उतरत उतरत बुधवारी रात्री २१०. गुरुवारी सुट्टी, संध्याकाळी पुन्हा ३०० च्या आसपास. शुक्रवारपासून परत उतार. असे तीन आठवडे, तीन सारख्याच घसरगुंड्या. मग ‘आज काय काम’ या रकान्यात ‘आवणी’. ३१०, ३२०, ३३५. सातव्या दिवशी ३६५. नवव्या दिवशीही तेवढेच. त्याखाली काल कामावर गेल्याचा आकडा, झोपताना, २४०.

मुलगी म्हणाली, “मॅडम, आईला शेतात दम लागत नव्हता.”

ताईंनी एवढंच विचारलं, “आता कामावरून काढतील का?”

खोटं सांगणं शक्य नव्हतं. नियमात आहे की अशा कामगाराला त्या प्रक्रियेतून बाजूला घेतलं तर दुसरं काम द्यायचं. पण कंत्राटी माणसाला दारावरच “उद्यापासून येऊ नका” म्हटलं जातं, तिथे नियम पोचेपर्यंत महिना जातो. आणि तरीही थांबता येत नव्हतं. एकदा शरीरानं आयसोशी वैर धरलं की नखभरही पुरतं. जितक्या लवकर लांब जाल तितका दमा सुटण्याची आशा जास्त. वर्षं काढली तर काम सोडल्यावरही तो राहतो. हे सगळं मी त्यांना सांगितलं, त्यांच्या मुलीसमोर. त्या म्हणाल्या, “लिहा मग.”

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. ताम्हिणीकडे तर आभाळच फाटलंय, पुण्यात सिंहगड रोडला घरांत पाणी. रस्ते बंद, दवाखाना बंद, म्हणून लिहायला बसले.

कारखाने कायदा १९४८ चा. पण धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण त्यात आलं १९८७ साली. भोपाळनंतर, आणि दिल्लीत १९८५ मध्ये ओलियम वायू सुटल्यानंतर. भोपाळचा वायू मिथिल आयसोसायनेट होता, आमच्या शेडमधल्या आयसोच्याच कुळातला. त्या रात्रीच्या मृत्यूंमधून ४१-क हे कलम आलं: धोक्याच्या कामावर घेण्याआधी तपासणी, काम चालू असताना निदान बारा महिन्यांतून एकदा, आणि काम सोडल्यानंतरही. नोंदी अचूक आणि ताज्या ठेवायच्या, आणि त्या कामगाराला बघायला मिळाल्या पाहिजेत. वीस वर्षांत एकाही कामगारानं माझ्याकडे आपली नोंद मागितलेली नाही, कारण मागता येते हेच त्यांना माहीत नाही.

कलम ८९ माझ्यासाठी आहे. तिसऱ्या अनुसूचीत रोगांची यादी आहे. शिसं, सिलिकोसिस, क्रोमचे व्रण, आणि आयसोसायनेटची विषबाधाही. असा रोगी दिसला की डॉक्टरनं मुख्य कारखाना निरीक्षकांना विनाविलंब लेखी कळवायचं. आजपर्यंत मी दोनच पत्रं लिहिली होती. आज दोन लिहिली: ताईंचं, आणि क्रोमवाल्या तरुणाचं, जे महिन्याभरापूर्वीच जायला हवं होतं. पंखा बदलला म्हणून मी ते लांबवलं. पंख्यानं त्याचं नाक भरून येत नाही.

तरुणाच्या पत्रावर जूनची तारीख टाकावी असा विचार एक क्षण आला. टाकली नाही.

२ ऑगस्ट, शुक्रवार

ताईंना स्टोअरला घेतलंय. पगार तोच, ओव्हरटाइम गेला. महिन्याला तेवढी खोट बसणार आणि ती कुणी भरून देणार नाही. स्टोअर आणि फोमची शेड यांच्यामध्ये दार आहे, ते उघडंच असतं. ते बंद ठेवायचं आणि साच्यावर वाफ ओढून घेणारी नळी बसवायची, असं लेखी दिलंय. ड्रमला झाकण आलं, एवढं डोळ्यांनी पाहिलं.

या वेळी प्रत्येकाला त्याच्या आकड्यांची प्रत हातात दिली, त्याच्या नावानं, कंत्राटदाराच्या नंबरानं नव्हे. एका काकांनी ती चार घड्या करून आधार कार्डाच्या पाकिटात ठेवली.

साडेतीनला पाळी सुटली. कॅम्पची गाडी या वेळी मुद्दाम दुपारची आणली होती आणि शेवटच्या दिवसाचे आकडे घ्यायला बुधवारी पुन्हा येणार आहे. आवारात फोमवरच्या दोघी थांबून होत्या. “मॅडम, आम्हाला पण तसला कागद पायजे.” माझ्याकडे दोनच मीटर उरले होते, ते दिले. कसं फुंकायचं ते सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात स्टोअरमधून ताई आल्या. नळी हातात घेतली, काटा खाली सरकवला आणि त्या दोघींना म्हणाल्या, “बसून नाय, उभं राहा. तीनदा. आणि गुरुवारचं पण लिहायचं, विसरायचं नाय.”