घंटेने आखलेले बालपण

कॅथलिक धर्मसंघांनी चालवलेल्या मुलांच्या निवासी शाळांची माहितीपत्रके मूल्यांविषयी मोठ्या आत्मविश्वासाने बोलतात. श्रद्धा, शिस्त, सेवा, सत्यनिष्ठा, सर्वांगीण विकास हे शब्द त्यांत हमखास येतात, आणि इतके एकसारखे येतात की एका शाळेचे पत्रक दुसऱ्या शाळेच्या नावाने छापले तरी कोणाच्या लक्षात येऊ नये. या शाळांतून बाहेर पडलेल्या मुलाच्या अंगात जे खरोखर मुरते, त्याचा उगम माहितीपत्रकात किंवा ‘मॉरल सायन्स’च्या साप्ताहिक तासात शोधण्यापेक्षा व्हरांड्यात टांगलेल्या घंटेत शोधणे अधिक सयुक्तिक आहे. मुलगा काय ऐकतो यापेक्षा तो केव्हा उठतो, केव्हा गप्प बसतो, कोणाशेजारी जेवतो आणि हातातले काम कोणाच्या इशाऱ्यावर सोडतो, यातूनच या शाळांनी आपली मूल्ये पिढ्यान्‌पिढ्या पुढे पोचवली आहेत.

ही घंटा शाळेची असली तरी तिचे कुळ मठाचे आहे. इसवी सनाच्या सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली रचली, तिच्यात प्रार्थनेचा इशारा होताच हातातले काम तसेच सोडून निघावे असा नियम आहे, आणि रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर कोणी बोलू नये असाही. लेखन करणाऱ्याने अक्षर पुरे करण्याचाही मोह धरू नये, ही त्यामागची वृत्ती. कारण काम आपले असले तरी वेळ देवाची आहे, असे तो विचार मानतो. पुढे सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशी दिवसातून तीनदा वाजणारी ‘अँजेलस’ची घंटा, म्हणजे मरियेला देवदूताने दिलेल्या निरोपाचे स्मरण करून देणारी प्रार्थनेची घंटा, युरोपच्या शेतांतही पोचली, एकोणिसाव्या शतकातल्या मिले या फ्रेंच चित्रकाराने बटाट्याच्या शेतात मान खाली घालून उभे असलेले शेतकरी जोडपे रंगवले ते याच घंटेच्या क्षणाचे. जेझुइट संघाने 1599 मध्ये ‘रातिओ स्तुदिओरुम’ या नावाने आपल्या शाळांची अभ्यासपद्धती निश्चित केली, तेव्हा मठातला हा काळाचा हिशेब वर्गात आला: ठरलेला तास, ठरलेली उजळणी, ठरलेली स्पर्धा, आणि शाळेत लॅटिनमध्येच बोलण्याची सक्ती.

महाराष्ट्रात या परंपरेच्या शाळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभ्या राहिल्या. वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस 1863 मध्ये, माझगावचे सेंट मेरीज 1864 मध्ये आणि पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स 1867 मध्ये सुरू झाले. या तिन्ही जेझुइटांच्या संस्था होत. नागपूरचे सेंट फ्रान्सिस डी सेल्स 1870 चे आहे आणि ते वेगळ्या संघाचे. आजच्या फ्रान्समधील आनसी येथे 1838 मध्ये स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस डी सेल्सच्या मिशनऱ्यांनी, ज्यांना संक्षेपाने फ्रान्सेलियन म्हणतात, विशाखापट्टणमकडून आत सरकत मध्य भारतात आपले काम उभे केले. नागपूरचा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अधिकाराखालील प्रदेश, 1887 मध्ये स्थापन झाला. त्यातून 1955 मध्ये अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा झाला आणि बुलढाणा जिल्हा त्याच्या कक्षेत आला.

बुलढाणा जिल्हा या नकाशावर कडेलाच राहिला आहे. ख्रिस्ती वसतिगृहाची येथील जुनी ओळख कॅथलिक नव्हे, तर अमेरिकन प्रॉटेस्टंट ‘अलायन्स मिशन’ची आहे, 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनंतर त्या मिशनने अकोल्याला मुलांचे आणि खामगावला मुलींचे अनाथालय चालवले, म्हणजे जिल्ह्यात घंटेच्या शिस्तीने प्रथम वाढल्या त्या मुली. मुलांच्या कॅथलिक बोर्डिंगचा अनुभव मात्र या जिल्ह्याला बहुतांशी प्रवासाने जोडला गेला. मुंबई-नागपूर लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तरेकडून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जातो, आणि जलंबहून खामगावला फाटा निघतो; बुलढाणा शहर, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा हा घाटावरचा मुलूख रेल्वेविनाच आहे. त्यामुळे घाटावरच्या मुलाची शाळा एस.टी.त बसून राजूर घाट उतरताना सुरू होते, आणि मलकापूरच्या फलाटावर पत्र्याची पेटी खाली ठेवताना वडील मुलाला जे दोन शब्द सांगतात ते बहुधा पैशांविषयी असतात.

त्या पेटीवर आणि तिच्यातल्या प्रत्येक कपड्यावर एक क्रमांक असतो. धोब्याकडे गेलेले कपडे परत योग्य मुलाला मिळावेत यासाठी सुती दोऱ्याने टाचलेला हा क्रमांक हजेरीत, जेवणाच्या टेबलावर, झोपण्याच्या दालनात मुलाच्या मागे-मागे फिरतो आणि शाळा सुटल्यावरही विसरला जात नाही. सोय म्हणून सुरू झालेल्या या क्रमांकातून शाळेचे पहिले आणि बहुधा सर्वांत टिकाऊ मूल्य व्यक्त होते: येथे कोणी पाटलाचा नाही, कोणी सालदाराचा नाही. सारखी खाट, सारखे ताट, वर्णानुक्रमाने किंवा उंचीप्रमाणे लागणारी रांग, आणि घरून आलेला चिवडा-लाडवांचा डबा सामायिक कपाटात ठेवून ठरलेल्या वेळीच उघडण्याचा दंडक. जेथे विहिरीवर, पंगतीत आणि मंदिराच्या पायरीवर जात अजून मोजली जात होती, तेथून आलेल्या मुलाला शेजारच्या मुलाचे आडनाव न विचारता त्याच्यासोबत जेवावे लागणे, ही घटना कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठी होती. तिचे श्रेय या शाळांना हात न आखडता द्यायला हवे. मात्र खुद्द ख्रिस्ती समाजातही जातीचा वावर संपला नव्हता, आणि शुल्क परवडणाऱ्यांची शाळा व गरिबांसाठीचे वसतिगृह असे दोन दर्जे एकाच धर्मसंघाच्या छताखाली नांदत होते, हेही त्याच वहीत नोंदवावे लागते.

पहाटेची घंटा सर्वांना एकाच वेळी उठवते, पण तिच्यानंतर वाट दुभंगते. कॅथलिक मुले मिस्सेला, म्हणजे ख्रिस्ताच्या अंतिम भोजनाचे स्मरण करणाऱ्या मुख्य उपासनेला जातात. बाकीची अभ्यासिकेत बसतात. संविधानाच्या अनुच्छेद 28 प्रमाणे राज्याची मान्यता किंवा मदत घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीविना मुलाला धर्मशिक्षणास किंवा उपासनेस बसवता येत नाही, म्हणून कॅथलिकांना ‘कॅटेकिझम’ (धर्मतत्त्वांचे शिक्षण) आणि इतरांना ‘मॉरल सायन्स’ अशी विभागणी रूढ झाली. वऱ्हाडात हा प्रश्न कागदी नव्हता. 1956 पर्यंत बुलढाणा मध्य प्रदेशात होता, आणि त्या राज्याने 1954 मध्ये नेमलेल्या भवानीशंकर नियोगी समितीने मिशनरी शाळा व वसतिगृहे धर्मांतराची साधने ठरत असल्याचा ठपका ठेवला होता. चर्चने तो अमान्य केला. या वादात दोन्ही बाजूंनी मुलाला कोरी पाटी मानले. ज्याच्या पेटीच्या झाकणाला आतून गजानन महाराजांचा फोटो चिकटवलेला असे, तो वऱ्हाडी मुलगा शुभवर्तमानातल्या दृष्टांतकथा आवडीने ऐके, नाताळच्या गव्हाणीसाठी पेंढा गोळा करी आणि सुटीत शेगावला दर्शनाच्या रांगेत उभा राही. त्याच्या मनात यांचा झगडा क्वचितच होता.

या शाळांतला सर्वांत मोलाचा, आणि आज सर्वांत दुर्मीळ झालेला, भाग मौनाचा आहे. रात्रीच्या प्रार्थनेची घंटा झाली की सकाळपर्यंत बोलायचे नाही, हा बेनेडिक्टचाच नियम वसतिगृहाच्या दालनात उतरला होता. त्याआधी काही मिनिटे विवेकपरीक्षण असे: दिवसभरात आपण कोठे चुकलो, कोणाचे देणे राहिले, हे मुलाने स्वतःशी आठवावे, असा जेझुइटांचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या साधनेतून आलेला प्रघात. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला त्यात पापाची टोचणी येत असे आणि झोपही. तरीही स्वतःच्या दिवसाकडे परक्यासारखे पाहता येते, हे त्याला फार लवकर कळे. सेल्सियन धर्मसंघ 1928 मध्ये मुंबईत आला आणि पुढे माटुंग्याचे डॉन बॉस्को हे त्याचे मोठे केंद्र झाले. त्याच्या शाळांत या वेळी ‘गुड नाइट’ नावाची छोटी गोष्ट सांगण्याची पद्धत आहे. प्रमुख फादर दोन-तीन मिनिटे दिवसातल्या एखाद्या घडामोडीवर बोलतात आणि मुले झोपायला जातात. तुरीनच्या रस्त्यांवरची मुले गोळा करणाऱ्या जॉन बॉस्को (1815–1888) यांनी शिक्षेऐवजी विवेक, धर्म आणि जिव्हाळा यांवर उभारलेली ‘प्रतिबंधक पद्धती’ अशाच लहान गोष्टींतून चालते. मुलाने चूक करण्याची वाट पाहून दंड करण्यापेक्षा शिक्षकाने मैदानात, जेवणात, अभ्यासात त्याच्या सोबत राहावे, म्हणजे चुकीची वेळच येणार नाही, हे तिचे सूत्र. बॉस्को यांनी आपल्या संघाला सौम्यतेसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रान्सिस डी सेल्स यांचे नाव दिले. त्याच संताच्या नावाने फ्रान्सेलियन मध्य भारतात आले होते.

सौम्यतेचा हा वारसा सगळीकडे पाळला गेला असे म्हणणे धाडसाचे होईल. वेताची छडी या शाळांच्या आठवणींत घंटेइतकीच येते, आणि इंग्रजी माध्यमाच्या बोर्डिंगांत मातृभाषेत बोलल्याबद्दल दंड करण्याची रीत तर चार शतकांपूर्वीच्या लॅटिन-सक्तीची थेट वारसदार होती. ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ म्हणणाऱ्या मुलाला त्याच्या बोलीची लाज प्रथम येथे वाटली, आणि सुटीत घरी आल्यावर आजीशी बोलताना जीभ अडखळू लागली तेव्हा घरच्यांनी ते प्रगतीचे लक्षण मानले. याबाबतीत कर्मवीर भाऊराव पाटलांची साताऱ्याची बोर्डिंगे किंवा पंजाबराव देशमुखांचे अमरावतीचे श्रद्धानंद छात्रालय यांच्याशी तुलना केली तर कॅथलिक बोर्डिंगचे पारडे हलके ठरते. जाती मोडणारी सहपंगत तेथेही होती, श्रमाचे मोल तर अधिकच होते, कारण मुले स्वतः राबून आपले शिक्षण पुरे करत. पण आपली भाषा फाटकाबाहेर ठेवून आत येण्याची अट तेथे नव्हती.

याहून गंभीर बाजू पत्रांची आहे. रविवारी घरी पत्र लिहिण्याचा तास ठरलेला असे, आणि अनेक बोर्डिंगांत ते पत्र पाकिटात जाण्यापूर्वी फादर किंवा ब्रदर वाचत. हेतू बहुधा शुद्धलेखनाचा आणि उगाच घाबरवणारी पत्रे थांबवण्याचा; परिणाम असा की मुलाचे दुःख भिंतीबाहेर नेणारा एकमेव रस्ता भिंतीच्या मालकाकडूनच जाई. आयर्लंडमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या रायन आयोगाच्या अहवालाने धर्मसंघांच्या निवासी संस्थांत मुलांवर झालेले शारीरिक व लैंगिक अत्याचार उघड केले, आणि कॅनडाच्या सत्य व समेट आयोगाने 2015 मध्ये आदिवासी मुलांच्या निवासी शाळांविषयी जे मांडले त्यानेही हेच दाखवले की आज्ञापालन हे सर्वोच्च मूल्य आणि बाहेरचा कान बंद, अशी जोडी जेथे जमते तेथे अत्याचार वर्षानुवर्षे लपून राहतो. भारतातील प्रत्येक बोर्डिंगवर तो संशय घेणे अन्यायाचे आहे. पण हा धोका केवळ परदेशातला किंवा केवळ एका धर्माचा मानणे त्याहून भोळेपणाचे. शिक्षणहक्क कायदा 2009 ने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली, आणि 2012 च्या पॉक्सो कायद्याने, म्हणजे बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याने, अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन घातले. धर्मसंघाची अब्रू हे गप्प राहण्याचे कारण आता कायद्यापुढे चालत नाही.

बोर्डिंगमधून बाहेर पडलेल्या माणसाच्या आयुष्यात घंटा पुढेही वाजत राहते. बँकेतून किंवा वीज मंडळातून निवृत्त झाल्यावरही तो साडेपाचला उठतो, पांघरुणाची चौकोनी घडी करतो, ताटात कण उरू देत नाही आणि सर्वांच्या आधी जेवून उठतो, कारण लहानपणी पुढच्या घंटेआधी ताट धुवायचे असे. रांग मोडणाऱ्यावर त्याला राग येतो तो नागरिकशास्त्रामुळे नव्हे. घरच्यांना ही शिस्त नेहमी गोड वाटते असेही नाही: मोकळा रविवार त्याला सोसत नाही, मुलांच्या आळसात त्याला नीतीचा प्रश्न दिसतो, आणि मायेने बोलण्याची वेळ आली की तो कामाचे काहीतरी बोलतो. पेरणीला पावसाची आणि रात्री शेतातल्या पंपाच्या विजेची वाट पाहत जगणाऱ्या गावात त्याचे हे घड्याळ कधी आदराचा तर कधी चेष्टेचा विषय होते. श्रद्धेचे काय उरते हे प्रत्येकाचे वेगळे. पण रात्री झोपण्याआधी दिवसाचा हिशेब मनाशी करण्याची सवय अनेकांना मरेपर्यंत पुरते, आणि ती पुरवणारी शाळा वाईट म्हणता येत नाही.

गावोगाव इंग्रजी शाळा आणि त्यांच्या पिवळ्या बसगाड्या पोचल्यापासून मुलाला दूर ठेवण्याची निकड कमी झाली आहे. तरी घाटावरून मुले आजही बाहेर जातात, कॅथलिक बोर्डिंगांतही आणि बिनधर्माच्या महागड्या निवासी शाळांतही. त्यांना सोडायला जाणाऱ्या आई-वडिलांनी निकालाचे फलक आणि क्रीडांगण पाहून झाल्यावर वसतिगृहप्रमुखांना एवढे अवश्य विचारावे, की आमच्या मुलाला घरी बोलायचे झाले तर ते कोणी शेजारी उभे न राहता, आपल्या बोलीत आणि आपल्याला वाटेल तेव्हा बोलता येईल काय. आणि उत्तर लेखी मागावे.