मोगली एरंडाचे कुंपण

इंग्रजी काव्य शिकविता शिकविता आमची तीस वर्षे गेली. डॅफोडिलच्या फुलावर आम्ही तासभर बोलू शकतो; ते फूल मात्र आम्ही अद्याप पाहिलेले नाही. उलट, कोकणातील आमच्या घराला ज्या झाडाचे कुंपण आहे, ते आम्ही जन्मापासून पाहत आलो. आणि गेल्या दिवाळीत त्याच झाडाने आमची विद्वत्ता उघडी पाडली.

पुतण्याचा सात वर्षांचा मुलगा मूठभर काळ्या बिया घेऊन आला व म्हणाला, "आजोबा, हे खायचं असतं का?" आम्ही एक बी फोडून आतला पांढरा गर चाखला. चव भुईमुगासारखी, किंचित गोडसर. "खा की," असे म्हणून आम्ही पुन्हा वर्तमानपत्रात डोके घातले. तासाभराने त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या, मग जुलाब. संध्याकाळपर्यंत पोर कोमेजून गेले. आमच्याही पोटात ढवळत होते, परंतु ते सांगण्याची आम्हांस लाज वाटली. तालुक्याच्या दवाखान्यात रात्रभर सलाईन लावावे लागले. त्याच्या आईने आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

ते झाड मोगली एरंडाचे. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, म्हणूनच ते कुंपणास लावतात. पान पसरट, कोनदार. फळ हिरव्याचे पिवळे होते, मग काळपट पडून वाळते, आणि आत दोन-तीन बिया. मूळचे ते अमेरिका खंडातले. २००३ साली नियोजन मंडळाच्या समितीने त्याच्या तेलावर मोटारी चालविण्याचे मोठे स्वप्न रंगविले होते. शाळकरी मुलांना त्या बियांची बाधा झाल्याच्या बातम्या मात्र अधूनमधून येतच असतात. चव कडू असती तर इतकी मुले फसली नसती, आणि आम्हीही.

आम्हांस बोचते ते निराळेच. लहानपणी याच पानाचे देठ मोडून त्याच्या चिकाचे फुगे आम्ही उडवीत असू. आजी ओटीवरून ओरडे, "चिकाशी खेळा, पण बी तोंडात घालू नका!" फुगे आमच्या स्मरणात राहिले, आजीचे शब्द गेले.

दुसऱ्या दिवशी गड्याने विचारले, "भाऊ, तोडू का कुंपण?" तोडावे, तर गावची गुरे परसात शिरणार. अखेर फळे तेवढी दरवर्षी हिरवी असतानाच खुडावयाची ठरली. मुलगा ओटीवर बसून पाहत होता. आम्ही एक देठ मोडून त्याला फुगा उडवून दाखविला. त्याने हात पुढे केला नाही.