चितेगावच्या रस्त्याने पुढची वाट

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, सोडून आपण पैठण रस्त्याला लागलो की चितेगाव येते. व्हिडिओकॉन कंपनीच्या पत्त्यातच 'चौदा किलोमीटरचा दगड' लिहिलेला असे. या पंचक्रोशीतल्या कितीतरी चुली त्या कारखान्याच्या पगारावर पेटल्या. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली आणि कामगारांच्या घरांना त्याची झळ बसली.

बंधू-भगिनींनो, ज्या टीव्हीच्या पेटीला कामगार पेच आवळीत, तिच्या आत एक काळी चिप असते. रिमोटचे बटण दाबताच आवाज वाढवायचा की वाहिनी बदलायची, हे त्या चिपमधला प्रोग्राम ठरवतो. असा प्रोग्राम लिहिणे म्हणजे एम्बेडेड सॉफ्टवेअर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारखी कंपनी १९८५ सालीच बंगळुरूला आली. अशा मोठ्या कंपन्यांच्या मुलाखतीला आपली मुलेही बसू शकतात.

तिथे काय विचारतात? १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी घडवलेली सी भाषा हा पाया. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यातला एकच बदलायचा, बाकी सातांना धक्का लागता कामा नये, तो कसा? बटण दाबले की इंटरप्ट चालू कामात मध्येच हाक देतो. त्या हाकेने बदललेली किंमत दर वेळी नव्याने वाचली जावी, कंपायलरने जुनीच धरून बसू नये, म्हणून 'व्होलाटाइल' हा शब्द लिहावा लागतो. तो का लिहिला, हे हमखास विचारतात. पाठांतर इथे कामाचे नाही. कागदावर पेन्सिलीने प्रोग्राम लिहावा, मोठ्याने समजावून सांगावा. आधी मराठीत, मग इंग्रजीत. स्वस्तातला एखादा बोर्ड घेऊन दिवा लावून पाहावा. बिघाड कसा शोधला, त्याची वहीत नोंद ठेवावी. मुलाखतीत तीच उपयोगी पडते.

शिकायला दूर जावे लागते असेही नाही. ज्या विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ रोजी बाबासाहेबांचे नाव लाभले, त्याच्याच परिसरात केंद्र सरकारची नायलिट ही इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण देणारी संस्था आहे.

आम्हाला आईबापांना एवढेच सांगायचे आहे: संध्याकाळी दोन तास घरातला टीव्ही बंद ठेवा. घरात जागा नसेल तर विहारात अभ्यासिका उघडा. कारखाना बंद पडू शकतो. लेकीने समजून घेतलेली विद्या कुणाला कुलूप लावून बंद करता येत नाही.

जयभीम!