सहा-चारचं दान

बॅकगॅमनमध्ये पहिलंच दान सहा-चार पडलं की मला बरं वाटतं. तीन रस्ते समोर असतात आणि तिन्ही जवळपास सारख्याच मोलाचे. मागची एक सोंगटी 24 वरून थेट 14 वर पळवा; किंवा ती 18 वर आणून 13 वरची एक 9 वर उतरवा; नाहीतर 8 आणि 6 वरून एकेक उचलून 2 वर जोडी बांधा.

ही तिसरी चाल बरीच वर्षं नवशिक्याची म्हणून हिणवली जायची. आपल्या अंगणातली 5 आणि 4 ही मोक्याची घरं मोकळी ठेवून दोन सोंगट्या तळाशी गाडायच्या, याला काय अर्थ? अडसर बांधायला त्या पुढे कामाला येत नाहीत. उलट पहिल्याच दानाला 6 वरची सोंगटी 5 वर एकटी ठेवणं 1970 च्या दशकात मर्दुमकीचं मानलं जाई. दोन-एक पडलं की जाणते खेळाडू हमखास तसं खेळत. 36 पैकी 15 दानांत ती मारली जाते आणि 20 घरांची चाल वाया जाते, तरीही.

पुढे आयबीएममधल्या जेराल्ड टेसॉरो यांचा टीडी-गॅमन हा प्रोग्राम स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकला. त्याला ती मर्दुमकी फारशी रुचली नाही. मागची सोंगटी 24 वरून 23 वर सरकवणं त्याने पसंत केलं आणि स्पर्धांतले खेळाडूही तिकडे वळले. नंतरच्या प्रोग्रामांनी सहा-चारच्या त्या हिणवलेल्या जोडीला मान परत मिळवून दिला.

ती जोडी काय करते, हे पटावर बघावं. प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या दोन सोंगट्या माझ्या 1 वर असतात. फाशावर पडलेल्या एकाने त्यांना आता पुढे सरकता येत नाही. माझं फक्त 6 चं घर बंद असतं तेव्हा मारलेली सोंगटी 36 पैकी एकाच दानात बाहेर अडकते. 2 चंही बंद झालं की चार दानांत.

समजा, त्याला चार-तीन पडलं आणि त्याने एक सोंगटी माझ्या 5 वर आणली. मला सहा-दोन. मी 13 वरून उतरून ती मारतो. आता माझी सोंगटी 5 वर एकटी आहे आणि 36 पैकी 18 दानांत मरते. इथे पोटात गोळा येतो. पण मागे हटायचं असेल, तर 2 ची जोडी बांधलीच कशाला? ती बांधतानाच डाव हाणामारीचा ठरलेला असतो. वाचलो, तर 5 वर दुसरी सोंगटी आणून तीन घरं बंद होतात आणि गॅमनचा, म्हणजे दुप्पट गुणांच्या विजयाचा, वास येऊ लागतो.

म्हणून मी आधी गुणफलक बघतो. दोघांनाही एकेकच गुण हवा असेल, तर गॅमनची किंमत शून्य; तेव्हा 24 वरची सोंगटी पळवलेली बरी. त्याला एक आणि मला दोन हवे असतील, तर गॅमन म्हणजे अख्खा सामना. तेव्हा मी बेधडक 2 वर जोडी बांधतो. तऱ्हेवाईक चाल पाठ करता येते, कोणीही करावी. तिला साजेशी दुसरी चाल मात्र दर वेळी नव्यानेच शोधावी लागते, आणि खेळाडूची पारख तिथे होते.